पाच नंबरचं टेबल

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्टेपलरच्या पिना, सॉसची पाकिटं आणि कोणाची तरी विसरलेली किल्ली यांच्याबरोबर ते ड्रॉवरमध्ये आपोआप साठत जातात, आणि एक दिवस ड्रॉवर उघडेनासा होतो. माझा आता त्या अवस्थेला आलाय. म्हणून चार बाहेर काढते.

आधी ऑफिस सांगते. जोगेश्वरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खालच्या मजल्यावर घरगुती पिठाच्या चक्क्या तयार होतात, वर आम्ही कॉम्प्युटरला मराठी शिकवतो. इमारत दिवसभर थरथरत असते, ती आमच्या कामामुळे नाही.

मी मुलुंडहून बसने येते. आधी वीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. छापखाना बंद पडला तेव्हा कोणीतरी सांगितलं, मशीनला मराठी शिकवायला माणसं हवी आहेत. मला वाटलं, वर्ग असेल. पाहते तर पाच टेबलं ओळीने मांडलेली.

तर काम असं. एका हॉस्पिटलला येणारे फोन, माणसांची नावं काढून टाकून, आमच्याकडे येतात. समजा कोणी म्हणालं, "गुडघा फार दुखतोय हो, डॉक्टर उद्या बसतील का?" पहिल्या टेबलावर ऐकून लिहायचं आणि वाक्यं सुटी करायची. दुसऱ्यावर शब्द ओळखायचे. तिसऱ्यावर कोण काय करणार ते जोडायचं: गुडघा कोणाचा, बसणार कोण. चौथ्यावर सरळ अर्थ लिहायचा: डॉक्टर उद्या आहेत का, असं विचारतोय. पाचव्यावर हेतू: याला अपॉइंटमेंट हवी आहे. असे थरावर थर चढले की मशीनला माणूस कळतो, अशी त्यामागची कल्पना.

आणि हे सगळं आम्ही कागदावर करतो. हो, कागदावर! नंतर ते कॉम्प्युटरमध्ये भरलं जातं. देसाई सरांचं म्हणणं, स्क्रीनवर कोणी काय खोडलं ते कळत नाही, कागदावर माणूस सापडतो. सर पवईच्या हेड ऑफिसात बसतात आणि आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येतात.

पहिल्या टेबलावर सुलभाताई. बोरीवलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तिसऱ्यावर मी. चौथ्यावर शिरोडकर, मूळचे मालवणचे. पाचव्यावर प्रकाश कांबळे, आमच्यात सगळ्यात लहान, वाशिमकडचा. दुसरं टेबल मी यायच्या आधीच बंद झालं होतं, कारण शब्द ओळखायचं काम मशीनला जमायला लागलं. त्या टेबलावर आता पाण्याचा जार असतो.

ते टेबल बंद झालं तेव्हा ड्रॉवरमध्ये गठ्ठाभर कागद अर्धवट राहिले आणि त्यांचं पुढे काय झालं ते कोणालाच सापडलं नाही. म्हणून सरांनी स्वतःच्या अक्षरात नियम लिहून भिंतीला लावले. आपल्या टेबलापुरतं बघायचं. खालच्या, म्हणजे आपल्या आधीच्या, टेबलाच्या कामात हात घालायचा नाही. शेवटी सर कागद वाचणार. पटलं तर सही, नाही पटलं तर "पुन्हा पाहा" असा शेरा मारून त्या टेबलाच्या ट्रेमध्ये. आणि चौथा नियम लाल पेनाने: ज्या टेबलावर एक जरी कागद बाकी आहे, ते टेबल बंद करायचं नाही.

* * *

सुलभाताईंच्या कामाचा पहिलाच आठवडा. एका गृहस्थाचा फोन आला होता. कुठल्यातरी सोसायटीचे अध्यक्ष असावेत. हॉस्पिटलच्या पार्किंगपासून सुरुवात करून ते लिफ्टवर आले, लिफ्टवरून स्वतःच्या ऑपरेशनवर, तिथून मुलाच्या कॅनडातल्या घरावर, आणि परत पार्किंगवर. अकरा मिनिटं. कुठे श्वास घ्यायला थांबले म्हणाल तर नाही.

ताईंनी कान देऊन चारदा ऐकलं. सुटी वाक्यं लिहायला कागदावर पंचवीस ओळी होत्या. त्यांनी पहिल्या ओळीत सुरुवात केली, ती मागच्या पानावर गेली, तिथून जोडकागदावर. शेवटी खाली सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: "वाक्य अद्याप सुरू आहे. वक्त्याला पाणी द्यावे."

सरांनी सही केली!

* * *

"आपल्या टेबलापुरतं बघायचं" या नियमाचे तोटे मात्र आम्ही भोगलेत.

एका फोनमध्ये बाई विचारत होत्या, गोळ्या कशा घ्यायच्या. हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या मागून चहावाला ओरडला, "दोन कटिंग, एक बिनसाखर!" आणि फोन कट झाला.

सुलभाताईंनी ऐकू आलं ते लिहिलं. माझं काम कोण कोणाला सांगतंय ते जोडायचं. प्रश्नानंतर उत्तर असतं, म्हणून मी जोडलं: काउंटर, पेशंटला. मला शंका आली नव्हती असं नाही, पण खालच्या टेबलात हात घालायचा नाही ना! शिरोडकरांनी अर्थ लिहिला: एकूण तीन, त्यातली एक साखरेशिवाय. कांबळे त्या दिवशी गावी गेला होता, त्यामुळे त्याचं टेबल खुद्द सरांनी सांभाळलं. हेतू: "औषधाचं प्रमाण सांगणे." आणि खाली स्वतःचीच सही.

महिन्याने पवईला मशीनची चाचणी होती. सरांनी भरवशाचा माणूस म्हणून आपल्या सासऱ्यांना फोन करायला सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, गोळ्या कशा घेऊ? मशीन अतिशय गोड आवाजात म्हणालं, "दोन कटिंग, एक बिनसाखर."

सगळी खोली गार. सासरे मात्र खूश. म्हणाले, "वा! मला शुगर आहे हे या यंत्राला दोन मिनिटांत कळलं. जावयाला दहा वर्षांत कळलं नाही."

* * *

माझाही एक सांगते, नाहीतर म्हणाल, ही फक्त दुसऱ्यांचे सांगते.

तिसऱ्या टेबलावर बसून बसून मला एक खोड लागली. कोणी काही बोललं की "कोण करणार?" असं आपोआप मनात येतं. मनात येतं तोवर ठीक होतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीची मीटिंग होती. ठराव वाचला जात होता: टाकी साफ व्हावी, गच्चीचं गळणं थांबावं, जिन्यातल्या सायकली हलवल्या जाव्यात. सगळे माना डोलवत होते. दरवर्षी हाच ठराव होतो आणि दरवर्षी माना डोलतात.

मी हात वर केला. "पण कोण करणार?"

शांतता. इतकी शांतता आमच्या सोसायटीत श्रद्धांजलीलासुद्धा नसते. बारा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, पटलं वाटतं लोकांना.

पटलंच होतं. तेव्हापासून मी सेक्रेटरी आहे.

* * *

आता कांबळेबद्दल सांगायला हवं, कारण पाचवं टेबल म्हणजे कांबळे.

तो मुलाखतीला आला तेव्हा सरांनी सगळ्या उमेदवारांना एकच फोन ऐकवला. एक माणूस विचारतो, "तुमच्याकडे व्हीलचेअर असते का हो?" बस, एवढंच. हेतू सांगा. सगळ्यांनी सांगितलं, माहिती विचारतोय. बरोबरच होतं, यादीत "माहिती" असं लेबल होतं.

कांबळे म्हणाला, "सर, हा गेटवर उभाय. मागे रिक्षा चालूच आहे, बंद नाही केली. आत कोणीतरी बसलंय, त्यांना उतरता येत नाही. याला माहिती नकोय, कोणीतरी खाली धावत यायला हवंय."

सरांनी परत ऐकलं. रिक्षा होती. म्हणाले, "पण असं लेबल आपल्या यादीत नाही."

"मग यादी वाढवा ना सर," हा म्हणाला. मुलाखतीत! यादीत "घाई" हे लेबल तेव्हा आलं, आणि कांबळेही.

मी एकदा त्याला विचारलं, तुला हे ऐकू कसं येतं रे? तर म्हणाला, "ताई, आमच्या घरात कोणी काही सरळ मागायचंच नाही. आई म्हणायची, यंदा थंडी बरीच आहे. म्हणजे काय, ते आपण ओळखायचं." मग लगेच कामाला लागला. 

* * *

शिरोडकरांच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं. बोरीवलीची मंडळी. कांदेपोहे झाले, गप्पा झाल्या, जाताना मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी शिरोडकर खुशीत ऑफिसात आले. आमच्यात एक खेळ सुरू झाला होता: कोणी काही खास बोललं की कोरा कागद घ्यायचा आणि तो रीतसर सगळ्या टेबलांवरून फिरवायचा. सुलभाताईंनी "कळवतो" लिहिलं. मी जोडलं: ते, शिरोडकरांना. शिरोडकरांनी स्वतः अर्थ लिहिला: "कळवणार आहेत." आणि कागद मोठ्या रुबाबात कांबळेपुढे ठेवला.

कांबळेने बराच वेळ पेन उघडलंच नाही. मग हळूच म्हणाला, "काका, नकार आहे."

"अरे, पण वाक्यात तसा खंय हा?" शिरोडकर तापले की मालवणी होतात.

"वाक्यात नाहीये काका. म्हणून तर माझं टेबल वेगळं आहे."

शिरोडकर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या पोराक बरोबर कळला. माका तर त्येंनी चपला घालताना कळलेला."

चार महिने गेले. एका दुपारी शिरोडकरांचा फोन वाजला. मुलाचे वडील. अत्यंत नम्रपणे म्हणाले, योग नाही, राहून गेलं होतं, म्हटलं कळवावं. शिरोडकरांनी फोन ठेवला, उठून थेट पाचव्या टेबलापाशी गेले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले,

"कळवल्यानी मां!"

* * *

मग नवीन मशीन आलं.

सर एका मंगळवारी आले आणि आम्हाला उभं करून म्हणाले, नव्या मशीनला थर लागत नाहीत. ते सगळं बोलणं एकदम गिळतं आणि एकदम उत्तर देतं. मधे काय होतं? सरांनी हात हलवला. "आतल्या आत काहीतरी थर असतातच, पण ते त्याचे तेच लावतं." सुलभाताई म्हणाल्या, "म्हणजे हुशार मुलगा. उत्तर बरोबर, पायऱ्या लिहिल्या नाहीत. मी अशांचे अर्धे मार्क कापायचे."

आम्हा तिघांना तपासणीचं काम मिळणार होतं. मशीन लिहील, आम्ही बघायचं. प्रश्न फक्त पाचव्या टेबलाचा होता. हेतू मशीनला जमला तर कांबळेची गरज नव्हती, आणि त्याचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. त्याने नुकतीच घाटकोपरला तळमजल्यावरची खोली घेतली होती. आईला जिने चढवत नाहीत म्हणून तळमजला. आई गावाहून कायमची येणार होती, तिचं सामान बांधून झालं होतं.

म्हणून पवईला सामना ठेवला. तेच फोन मशीनला, तेच कांबळेला. कांबळेच्या इयरफोनचा गुंता सुटेपर्यंत मशीनचं काम संपलं होतं! कांबळे संध्याकाळपर्यंत बसला. दोघांची उत्तरं जवळजवळ सारखी. मोजक्याच ठिकाणी वेगळी.

त्यातला एक फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. "डॉक्टरांना त्रास नका देऊ. काही विशेष नाही. सहज केला होता फोन." मशीनचं उत्तर: काही काम नाही, संभाषण संपवावे. कांबळेचं उत्तर: "आत्ताच्या आत्ता बोलावून घ्या."

हॉस्पिटलमधून खात्री करून घेतली. जुना फोन होता. ते गृहस्थ त्याच संध्याकाळी छातीत दुखतं म्हणून ॲडमिट झाले होते. बरे होऊन घरी गेले, तेही कळलं.

आम्हाला वाटलं, झालं, जिंकला! सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "हो, पण वेळ किती लागला..." 

गुरुवारी ऑफिसात नवीन प्रिंटर आला. भलामोठा. आणणाऱ्या माणसाने विचारलं, कुठे ठेवू? आमच्या गाळ्यात रिकामी जागा नाही हे सरांना माहीत होतं. माणसाने चलन वाचून दाखवलं: पाच नंबरचं टेबल.

कांबळे तिथेच बसला होता. म्हणाला, "सध्या खाली ठेवा." 

* * *

शुक्रवारी सर समोसे घेऊन आले. सर एरवी बिस्किटसुद्धा आणत नाहीत, त्यामुळे कोणी हात लावला नाही.

सर पाचव्या टेबलासमोर उभे राहिले. माणूस वाईट नाही हो. घसा दोनदा साफ केला. म्हणाले, "कांबळे, तुमचं काम फार मोलाचं आहे. आपण कायम टचमध्ये राहू."

 खालच्या चक्क्या तेवढ्या घरघरत होत्या.

मग सुलभाताईंनी कोरा कागद ओढला. वर लिहिलं, "बोलणारे: देसाई सर. स्थळ: ऑफिस." खाली दोन वाक्यं उतरवली, सुटी सुटी, शाळेतल्या अक्षरात, आणि कागद माझ्याकडे दिला. सर म्हणाले, "अहो ताई, हे काय..." ताई म्हणाल्या, "कामाची वेळ आहे सर."

मी जोडायला बसले. कोण, कोणाला, काय करणार. दोन्ही वाक्यं तीनदा वाचली. शेवटी लिहिलं: "कोणीही, कोणालाही, काहीही नाही." ते अक्षर अजून बघवत नाही.

शिरोडकरांनी कागद घेतला. अर्थाच्या रकान्यात लिहिलं: "काम चांगले आहे. संबंध राहील." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण लिहिलेला अर्थ परत वाचला, आणि मान खाली घालून कागद पुढे सरकवला.

कांबळेने पेन उघडलं. या वेळी त्याला अजिबात वेळ लागला नाही. हेतूच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: "निरोप." टोपण लावलं, उभा राहिला आणि कागद सरांपुढे धरला. "सर, सही."

सरांनी वाचलं. वरपासून खालपर्यंत, मग खालून वर. "दुसरं काही लिहिता नाही का येणार, कांबळे?"

"मला ऐकू आलं ते लिहिलं, सर."

सरांनी खिशातून पेन काढलं. सहीच्या जागेवर टेकवलं, उचललं. परत टेकवलं. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातले नियम होते, चौथा लाल पेनातला. आम्ही तिघं अशी शिस्तीत बसलो होतो, जशी परीक्षेत मुलं बसतात.

मग सरांनी सहीच्या जागी लिहिलं, "पुन्हा पाहा." कागद कांबळेच्या ट्रेमध्ये ठेवला, बॅग उचलली आणि समोसे न खाता गेले.

सोमवारी कांबळे वेळेवर आला. पुढच्या आठवड्यात त्याची आई घाटकोपरला आली. या गोष्टीला आता आठ महिने झाले. तो कागद अजून त्याच्या ट्रेमध्ये आहे. रोज सकाळी कांबळे तो बाहेर काढतो, नियमाप्रमाणे एकदा पुन्हा पाहतो आणि जागच्या जागी ठेवतो. मग दिवसाच्या फोनला बसतो.

प्रिंटर अजून जमिनीवरच आहे. प्रिंट काढायची तर गुडघ्यावर बसावं लागतं. सर आले की तेही बसतात.